एका हंगामाचे दोन निकाल

बाद पद्धतीच्या स्पर्धेचे गणित साधे असते आणि कठोरही. प्रत्येक लढतीनंतर एक संघ घरी जातो. शंभर संघ उतरले, तर त्यांतील नव्व्याण्णवांचा शेवट पराभवाने होणार, हे पहिला सामना सुरू होण्यापूर्वीच निश्चित झालेले असते. इंग्लंडच्या एफए चषकात अलीकडच्या काळात दर हंगामात सातशेहून अधिक संघ भाग घेतात. १८७१ साली सुरू झालेली ही फुटबॉलमधील सर्वांत जुनी राष्ट्रीय स्पर्धा. दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणाऱ्या खेळाडूंच्या लढतींनी, गावोगावच्या लहान मैदानांवर, ऑगस्टमध्ये तिचा आरंभ होतो. जानेवारीत, तिसऱ्या फेरीत, प्रीमिअर लीगमधील बलाढ्य क्लब तीत उतरतात आणि अखेर वेम्ब्लीच्या मैदानावर कोणा एकाच्या हाती चषक येतो. विजेता एकच असणार हे ठाऊक असूनही बाकीचे शेकडो संघ दरवर्षी तितक्याच निष्ठेने का खेळतात, हा प्रश्न खेळापुरता मर्यादित नाही. मनुष्याच्या बहुतेक उद्योगांना तो विचारता येतो.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. या शहरात फुटबॉल हा दूरचित्रवाणीवरून आलेला खेळ नव्हे. पेठापेठांतील तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवर लोटणारी गर्दी, पाटाकडील आणि दिलबहार यांची गाठ पडणार असेल त्या दिवशी गल्लोगल्ली जाणवणारा ताण, हा येथील जीवनाचा भाग आहे. येथेही आधी साखळी सामने होतात आणि मग त्याच मैदानावर बाद पद्धतीच्या स्पर्धा भरतात. त्यामुळे एकाच संघाला दोन निराळ्या कसोट्यांवर पारखण्याची सवय येथील प्रेक्षकाला असते. माझ्याकडे येणारे अनेक रुग्ण याच मैदानावरून येतात. कोणाच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला असतो, कोणाची नडगी मोडलेली असते. साहजिकच खेळाकडे मी जितकी जयपराजयाच्या बाजूने पाहते, त्याहून अधिक शरीराच्या आणि काळाच्या बाजूने पाहते. एफए चषकाचा २०१२-१३ चा हंगाम मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने. यश आणि अपयश यांचा परस्परांशी संबंध काय, या प्रश्नाला त्या हंगामाने जितके स्पष्ट रूप दिले, तितके क्वचितच एखाद्या स्पर्धेने दिले असेल.

त्या हंगामातील एका पराभूत संघाची हकिगत आधी सांगते. ल्युटन टाउन हा एके काळी पहिल्या श्रेणीत खेळलेला क्लब. आर्थिक अव्यवस्थेपायी २००८-०९ मध्ये त्याचे तीस गुण कापले गेले आणि तो व्यावसायिक लीगच्या बाहेर, पाचव्या श्रेणीत जाऊन पडला. जानेवारी २०१३ मध्ये या संघाने प्रथम वुल्व्हरहॅम्प्टनला हरवले आणि मग नॉर्विच या प्रीमिअर लीगमधील संघाला त्याच्याच मैदानावर १-० असे नमवले. गोल ऐंशीव्या मिनिटाला, स्कॉट रेन्डेल या बदली खेळाडूने केला. लीगबाहेरच्या संघाने अव्वल श्रेणीतील संघाला हरवण्याची घटना १९८९ नंतर प्रथमच घडत होती. तीन आठवड्यांनी मिलवॉलने ल्युटनला ३-० असे हरवले आणि स्पर्धेपुरता त्यांचा विषय संपला. त्या हंगामात त्यांना वरची श्रेणीही मिळाली नाही. ती मिळायला आणखी एक वर्ष जावे लागले, आणि पुढे एकेक पायरी चढत २०२३ साली ल्युटन प्रीमिअर लीगमध्ये पोहोचले. नॉर्विचवरील विजयामुळे हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्या विजयातून श्रेणी मिळाली नाही, चषक मिळाला नाही, पुढच्या फेरीतील विजयाचीही हमी मिळाली नाही. तरीही जानेवारीतील ती दुपार पूर्ण होती. तिला पुढच्या कोणत्याही घटनेच्या आधाराची गरज नव्हती. शेकडो संघ निश्चित पराभवाच्या छायेत का उतरतात, याचे उत्तर मला येथे सापडते. शेवट आपल्या हाती नसला, तरी मधला प्रत्येक सामना शेवटाइतकाच खरा असतो.

आता विजेत्याकडे वळू. विगन हे उत्तर इंग्लंडमधील गाव कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांसाठी ओळखले गेले. तेथील लोकांचे पहिले प्रेम रग्बीवर. विगन अॅथलेटिक या फुटबॉल क्लबला राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश मिळाला तोच १९७८ साली. १९९५ मध्ये डेव्ह व्हेलन या उद्योजकाने तो विकत घेतला तेव्हा तो सर्वांत खालच्या व्यावसायिक श्रेणीत होता. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, तो प्रीमिअर लीगमध्ये दाखल झाला. तेथे टिकून राहण्यासाठी त्याला जवळपास दरवर्षी शेवटपर्यंत झगडावे लागे. २०१२-१३ मध्ये हा झगडा अधिकच बिकट झाला. बचावफळीतील खेळाडू एकामागून एक जायबंदी झाले आणि लीगच्या ३८ सामन्यांत या संघावर ७३ गोल झाले. चषकाच्या वाटेवर मात्र हाच संघ निराळा दिसत होता. बोर्नमथविरुद्ध बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेल्या सामन्यात एका गोलने सुटका, मॅक्ल्सफिल्डविरुद्ध एका पेनल्टीवर विजय, मग हडर्सफिल्डवर ४-१, आणि उपांत्यपूर्व फेरीत बलाढ्य एव्हर्टनवर त्यांच्याच मैदानात ३-०, तेही चार मिनिटांच्या आत केलेल्या तीन गोलांनी. उपांत्य फेरीत त्यांनी मिलवॉलला २-० असे हरवले आणि विगन आपल्या इतिहासात प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला.

११ मे २०१३ रोजी, शनिवारी, आपल्याकडे रात्रीचे पावणेदहा झाले असताना तो सामना सुरू झाला. समोर मँचेस्टर सिटी, आदल्या हंगामाचा लीगविजेता, खर्चाच्या आणि नामवंत खेळाडूंच्या दृष्टीने विगनपेक्षा कितीतरी मोठा. शहाऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक मैदानात होते. विगनचे प्रशिक्षक रोबेर्तो मार्टिनेझ यांचा संघ बचावात दडून बसला नाही. कॅलम मॅकमॅनमन हा तरुण आघाडीपटू सिटीच्या बचावाला वारंवार उघडे पाडत होता. त्यालाच अडवताना ८४ व्या मिनिटाला पाब्लो झाबालेटाला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि सिटीचे दहा खेळाडू उरले. त्याआधी तीनच मिनिटे मार्टिनेझ यांनी बेन वॉटसन या मध्यरक्षकाला बदली म्हणून उतरवले होते. भरपाई वेळेचे पहिले मिनिट चालू असताना शॉन मलोनीने कॉर्नर घेतला. वॉटसन गोलजवळच्या खांबाकडे धावत आला, उडी घेत त्याने चेंडूला डोक्याचा ओझरता स्पर्श केला, आणि चेंडू जो हार्ट या गोलरक्षकाच्या वरून जाळ्यात गेला. सामना १-० असा संपला.

तीन दिवसांनी, मंगळवारी, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, विगन लंडनमध्ये आर्सेनलविरुद्ध लीगचा सामना खेळले. लीगमध्ये टिकायचे तर तो जिंकणे आवश्यक होते. मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. अखेरीस विगन ४-१ असे हरले आणि दुसऱ्या श्रेणीत घसरले. एकाच हंगामात चषक जिंकणारा आणि त्याच हंगामात अव्वल श्रेणीतून बाहेर पडणारा हा इतिहासातील पहिला क्लब ठरला. मधल्या सोमवारी, १३ मे रोजी, सिटीने आपले प्रशिक्षक रोबेर्तो मान्चिनी यांना पदावरून दूर केले. बरोबर एक वर्षापूर्वी, १३ मे २०१२ रोजी, याच मान्चिनींच्या मार्गदर्शनाखाली सिटीने चव्वेचाळीस वर्षांनी लीगचे विजेतेपद मिळवले होते.

या घटनांकडे नियतीचा खेळ म्हणून पाहणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण येथे घडलेले सारे सुसंगत होते. लीग आणि चषक या दोन निराळ्या कसोट्या आहेत. लीग सातत्य मोजते. नऊ महिन्यांतील एकही आठवडा ती विसरत नाही. पावसाळी संध्याकाळी, अर्ध्या भरलेल्या मैदानात, दमलेल्या पायांनी केलेली चूक तिच्या हिशेबात तशीच राहते. चषक त्या दिवसापुरता प्रश्न विचारतो: आज, या समोरच्या संघाविरुद्ध, तुमच्यात किती बळ आहे? विगनने दोन्ही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिली. एकात ते देशातील सर्वोत्तम ठरले, दुसऱ्यात अपुरे. चषक देणाऱ्यांनी त्यांना एक गुणही उसना दिला नाही, आणि लीगने खाली ढकलले म्हणून कोणी चषक परत मागितला नाही. दोन्ही निकाल एकाच वेळी खरे होते आणि दोघांपैकी एकही दुसऱ्याला खोटे ठरवू शकत नव्हता.

आपल्याला अडचण वाटते ती नेमकी येथे. जमाखर्चाच्या वहीत डावीकडचे आणि उजवीकडचे आकडे मांडून शेवटी एकच शिल्लक काढावी, तशी आपण माणसांची आयुष्ये मांडतो. अमुक मिळाले, तमुक गेले, मग उरले काय? हा प्रश्न इतका अंगवळणी पडला आहे की तो चुकीचा असू शकेल, ही शंकाही मनाला शिवत नाही. माझ्या कामाने मला ती शंका घ्यायला शिकवले.

मोडलेली नडगी रॉड घालून जोडल्यावर काही आठवड्यांनी त्या पायावर थोडा भार देण्याची परवानगी मिळते. आम्ही समांतर दांड्यांच्या मध्ये दोन साधे वजनकाटे शेजारी शेजारी ठेवतो आणि रुग्णाला दोन्ही पायांखाली एकेक घेऊन उभे करतो. मोडलेल्या पायाखालचा काटा, समजा, वीस किलोपर्यंत न्यायचा आणि तेथे थांबायचे. पहिल्या दिवशी तो पाच-सहाच्या पुढे सरकत नाही. रॉडने हाड धरलेले असते. अडवत असते ती भीती. अठरा-एकोणीस वर्षांचा, महिन्यापूर्वी हजारो लोकांसमोर बेधडक पळणारा मुलगा दांड्यांवरची पकड ढिली करायला तयार होत नाही. टेपने पोटरीचा घेर मोजला, तर दोन्ही पायांत दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक निघतो. हा फरक भरून काढायला महिने लागतात. त्या महिन्यांत टाळ्या नसतात, गुणफलक नसतो; रोज सकाळी तोच व्यायाम, तोच काटा आणि किलो-दोन किलोची प्रगती. सोबत आलेले वडील बहुतेक वेळा एकच विचारतात, "मॅडम, परत खेळंल काय हो?" त्यांच्या प्रश्नात पुढचे सारे वाक्य दडलेले असते. खेळणार नसेल, तर या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय?

वेम्ब्लीवरील तो गोल करणारा बेन वॉटसन याच वाटेने आलेला होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्यात त्याचा पाय मोडला होता, आणि हंगाम संपत आला असताना तो मैदानावर परतला. अंतिम सामन्यात त्याच्या वाट्याला दहा-बारा मिनिटे आली. त्या मिनिटांमागे कितीतरी कंटाळवाण्या सकाळी असणार, हे माझ्या व्यवसायातील कोणालाही सांगावे लागत नाही. त्यामुळे असे म्हणण्याचा मोह होतो की त्या सकाळींचे त्या गोलाने चीज झाले. हा मोह टाळला पाहिजे, असे मला वाटते. कारण तितक्याच निष्ठेने तितक्याच सकाळी खर्च करणारे शेकडो खेळाडू असतात, ज्यांच्या दिशेने तो कॉर्नर कधीच येत नाही. गोलामुळेच श्रमाला अर्थ येत असेल, तर या सर्वांचे श्रम निरर्थक म्हणावे लागतील, आणि ते तसे नाहीत हे मी रोज पाहते. पाय पुन्हा भार घेऊ लागतो, माणूस आधाराशिवाय जिना उतरतो. श्रमाचे फळ तेथेच, त्याच जागी पूर्ण झालेले असते. वॉटसनच्या बाबतीत तर पुढच्याच हंगामात त्याचा पाय पुन्हा मोडला आणि त्याला तीच वाट पुन्हा चालावी लागली. वेम्ब्लीवरील गोलाने त्याला दुसऱ्या दुखापतीपासून वाचवले नाही, आणि दुसऱ्या दुखापतीने त्या गोलाचे काही कमी केले नाही.

क्लबचे मालक व्हेलन यांची हकिगत याहून दीर्घ काळावर पसरलेली आहे. १९६० च्या अंतिम सामन्यात, वेम्ब्लीवरच, ते ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून बचावपटू म्हणून खेळत होते. मध्यंतरापूर्वी एका झटापटीत त्यांचा पाय मोडला. बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हती. ब्लॅकबर्न उरलेला सामना दहा जणांनिशी खेळले आणि वुल्व्हरहॅम्प्टनकडून ३-० असे हरले. व्हेलन यांची अव्वल दर्जाच्या फुटबॉलमधील कारकीर्द तेथेच खुंटली. पुढे ते बाजारात माल विकत विकत मोठे उद्योजक झाले, आणि त्रेपन्न वर्षांनी, वयाच्या सत्तरीच्या उत्तरार्धात, त्यांच्या क्लबने त्याच ठिकाणी चषक जिंकला. त्या वेळी अनेकांना वाटले की १९६० ची परतफेड झाली. मला तसे म्हणवत नाही. तेवीस वर्षांच्या खेळाडूची हिरावलेली वर्षे शहात्तराव्या वर्षी मिळालेल्या चषकाने परत येत नसतात. काळ कोणाचेही देणे त्याच नाण्यात फेडत नाही. त्या माणसाच्या आयुष्यात एक मोठी हानी झाली आणि एक मोठा आनंद आला, इतकेच खरे आहे. दोन्ही पूर्ण आकाराने शेजारी शेजारी उभे आहेत.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. आनंद आणि हानी यांना असे शेजारी उभे करणे ज्याला झळ बसत नाही त्याला सोपे जाते. श्रेणी घसरली की क्लबचे उत्पन्न आटते, खेळाडू जातात, कार्यालयातील आणि मैदानावरील साध्या नोकरदारांवर गदा येते. विगनचे पुढे तसेच झाले. मार्टिनेझ त्याच उन्हाळ्यात एव्हर्टनला गेले. २०१५ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. २०२० मध्ये, व्हेलन कुटुंबाने तो विकल्यानंतर, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर प्रशासकांच्या ताब्यात गेला, त्याचे बारा गुण कापले गेले आणि अनेक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. ज्याचा पगार थांबला त्याला "तुम्ही चषक तर जिंकला होता" असे सांगणे क्रूरपणाचे होईल. हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना माझे म्हणणे त्यातूनच पक्के होते. वजाबाकी दोन्ही दिशांनी निषिद्ध आहे. आनंदाने दुःख पुसले गेले असे म्हणणे हा जसा दुःख भोगणाऱ्याचा अवमान, तसाच पुढे दुःख आले म्हणून मागचा आनंद फोल होता असे म्हणणे हा आनंद निर्माण करणाऱ्याचा अवमान. सांत्वन करणारे पहिली चूक करतात आणि व्यवहारी म्हणवणारे दुसरी. दोघांनाही एकच शिल्लक हवी असते.

ही शिल्लक काढण्याचे सोडून दिले, तर कर्तव्याचे स्वरूपही अधिक स्पष्ट होते. लीगच्या कसोटीला सामोरे जाताना चषकाचा दाखला देता येत नाही. रोजचे काम रोजच करावे लागते, आणि काल मिळालेला मान आजच्या ढिलाईला सवलत देत नाही. विगनच्या बचावातील त्रुटी वेम्ब्लीवरील विजयाने बुजल्या नाहीत, आणि त्या बुजल्या असे मानणारा संघ आणखीच खाली गेला असता. उलटपक्षी, रोजचा हिशेब विस्कटला आहे म्हणून समोर आलेल्या दिवसाला पाठ फिरवणेही योग्य नव्हे. घसरणीच्या भीतीने ग्रासलेले ते खेळाडू त्या शनिवारी आपल्या पूर्ण क्षमतेने खेळले. पुढच्या मंगळवारचे ओझे त्यांनी शनिवारवर लादले नाही. संकटात असलेल्या माणसाकडून याहून मोठी शिस्त अपेक्षिता येत नाही.

मुलाच्या वडिलांना मी आता दोन उत्तरे देते आणि ती एकमेकांत मिसळू देत नाही. तो चालेल, धावेल, स्वतःच्या पायांवर काम करील, यासाठी लागणारे सारे आपण करू; हे पहिले. मैदानावर पूर्वीसारखा परतेल की नाही, हे सहा महिन्यांनी कळेल आणि ते अंशतः कोणाच्याही हाती नाही, हे दुसरे. पहिल्या उत्तराचा उपयोग दुसऱ्यावरचे पांघरूण म्हणून मी करत नाही. काही वडिलांना हे रुक्ष वाटते. पण मुलांना ते पटते, असा माझा अनुभव आहे; कदाचित ज्याला प्रत्यक्ष त्या वजनकाट्यावर उभे राहायचे असते त्याला खोट्या गोळाबेरजेपेक्षा दोन खरे आकडे अधिक आधार देतात म्हणून.

माणसांविषयी बोलताना आपण हीच काळजी घ्यावी असे मला वाटते. निवृत्त झालेला शिक्षक, बंद पडलेल्या गिरणीतील कामगार, एक उत्तम काम करून पुढे अपयशी ठरलेला कलावंत, यांच्याविषयी शेवटी काय राहिले असे आपण सहज विचारतो. हा प्रश्न आपल्याला निवाड्याचा अधिकार देतो आणि समजून घेण्याच्या श्रमातून सोडवतो. त्याऐवजी त्यांनी काय साधले ते पूर्ण सांगावे, त्यांना काय सोसावे लागले तेही पूर्ण सांगावे, आणि दोहोंच्या मध्ये वजाबाकीचे चिन्ह घालण्याचा अधिकार स्वतःकडे घेऊ नये. दुसऱ्याच्या आयुष्याशी न्यायाने वागण्याचा याहून साधा आणि याहून कठीण मार्ग मला ठाऊक नाही.